जादूच्या राज्यातले वाणसामान

सॅम व्हाइम्स हा आंख-मॉरपॉर्क शहराच्या पोलिसांतला कप्तान. पगार महिन्याला ३८ डॉलर. चांगले चामडी बूट ५० डॉलरना पडतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. तेवढे पैसे एकदम हाती नसतात, म्हणून तो १० डॉलरचे घेतो. ते एक-दोन मोसमांत झिजतात आणि पुन्हा १० डॉलर जातात. गरिबाचा एकूण खर्च जास्त होतो, वर पाय ओले ते ओलेच. बुटांचे तळ इतके पातळ, की धुक्यातही पायाखालच्या दगडांवरून व्हाइम्स गल्ली ओळखतो.

टेरी प्रॅचेट यांच्या १९९३च्या ‘मेन अॅट आर्म्स’मधला हा हिशेब. त्याच पोलीस दलात ट्रोल आहे, लांडग्याचे रूप घेणारी तरुणीही आहे. तरी शहर खरे वाटते, ते या बुटांमुळे. २०२२मध्ये ब्रिटनमध्ये जॅक मन्रो यांनी स्वस्तातल्या वाणसामानाची महागाई मोजणारा निर्देशांक काढायचे ठरवले, तेव्हा त्याला नाव दिले व्हाइम्सच्या बुटांचे.

अद्भुतकथा लिहायला बसणारा आधी नकाशा काढतो, मग राजघराण्याची वंशावळ, मग देवदेवता. हौसेला मोल नाही. पण समाज उभा राहतो तो कोण कोणाचे देणे लागतो, यावर. जादू आहे म्हटल्यावर तिने शेती, मजुरी आणि शेजाऱ्यांची भांडणे कशी बदलली, हे लेखकाला ठाऊक असायलाच हवे.

जे. के. रोलिंग यांनी ‘हॅरी पॉटर’मध्ये नाण्यांचे कोष्टक चोख दिले: २९ नट्सचा एक सिकल, १७ सिकल्सचा एक गॅलियन. पण रॉनचे वडील हॅरीचा मोडका चष्मा कांडी टेकवून क्षणात नवा करतात आणि त्याच घरातल्या रॉनच्या वाट्याला नाचाच्या समारंभासाठी जुनाट, झालरीचा झगा येतो. जादूगारांच्या घरात गरिबी नेमकी कशाची, याचे उत्तर नाण्यांच्या कोष्टकात सापडत नाही.

उर्सुला ले ग्विन इथे सरस ठरतात. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर नावाजलेले मानववंशशास्त्रज्ञ. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) मधल्या गाँट बेटावर मांत्रिक उदंड. प्रत्येक जण पावसाचा ढग आपल्या डोक्यावरून शेजाऱ्याकडे ढकलतो. बिचारा ढग टोलवला जात शेवटी समुद्रावर जाऊन रिता होतो. सर्वांत मोठा मांत्रिक ओगियन मात्र पावसाला पडू देतो आणि स्वतः झाडाखाली आडवा होतो. शिष्य गेड भिजत, चरफडत राहतो. सत्ता असूनही ती कोण वापरत नाही, हे एवढ्यात कळते आणि त्या बेटावरचा शेजारधर्मही.

म्हणजे पानोपानी तपशील कोंबायचे, असे नव्हे. जे. आर. आर. टॉल्किन यांनी पंचांगे आणि वंशावळी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या शेवटी परिशिष्टांत टाकल्या. गोष्टीत ठेवली ती हॉबिटांची साधी रीत: ज्याचा वाढदिवस, त्यानेच इतरांना भेटी द्यायच्या. बिल्बो हा हॉबिट आपल्या १११व्या वाढदिवसाचा घाट घालतो तो याच रीतीच्या आधाराने. शेकडो भेटी वाटता वाटता जवळची जादूची अंगठीही हातून सुटावी म्हणून. ती तरीही सहज सुटत नाही. मांत्रिक गॅण्डाल्फला दरडावावे लागते.