फोनची पेटी चोकडीत नको

सुरतेत फायबर जोडायला येणाऱ्या मुलाला दिवसभरात बरीच घरं उरकायची असतात. गच्चीवरून लोंबणारी केबल इमारतीच्या मागून खाली सोडायची, सापडेल त्या पहिल्या खिडकीतून आत घ्यायची, तिथेच भिंतीला दोन भोकं पाडून पेटी ठोकायची, लाल दिवा विझला की पुढच्या घरी पळायचं. आता फ्लॅटमध्ये मागच्या बाजूची पहिली खिडकी बहुधा चोकडीची, म्हणजे धुण्याभांड्याच्या जागेची असते. मग वॉशिंग मशिनच्या डोक्यावर, ओल्या कपड्यांच्या दोरीखाली घरचा फोन आणि इंटरनेट दोन्ही जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. पेटी कुठे लावायची हे घरच्यांनी ठरवायचं असतं, आणि तेही तो दारात उभा राहण्याआधी.

घरात फोन हवाच कशाला, असं तरुण मंडळी विचारतात. लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या भागांतल्या खानदेशी घरांत विचारून पाहा. मागावर काम करायला आलेल्या पहिल्या पिढीने एसटीडीच्या बूथबाहेर रात्री अकरा वाजेपर्यंत ताटकळून दिवस काढले, कारण अकरानंतर दर पाव व्हायचा. घरात फोन लागला तेव्हा ०२६१ ने सुरू होणारा नंबर धुळ्या-जळगावच्या सगळ्या नातेवाइकांच्या वहीत गेला. मुलांचे मोबाइल नंबर बदलत राहिले, तो नंबर मात्र राहिला. घरात दुपारभर एकटी असणारी सत्तरीची आजी असेल, तर चार्जिंग संपलेल्या मोबाइलपेक्षा भिंतीजवळ एका जागी असणारा फोन माझ्या मते जास्त भरवशाचा. फक्त तो भरवसा आता आपला आपण उभा करावा लागतो.

तांब्याच्या तारेवरचा फोन स्वतःची वीज सोबत घेऊन यायचा. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्या मांडलेल्या असत, तिथून साधारण ४८ व्होल्ट तारेवरून घरापर्यंत पोचत. इमारतीत अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की टोन मिळायचा. फायबरच्या काचेच्या तंतूतून येतो तो नुसता प्रकाश. त्या प्रकाशातून आवाज काढणारी पेटी तुमच्या प्लगवर चालते. लाइट गेली की पेटी बंद, पेटी बंद की फोन मुका. जोडणीच्या वेळी हे सहसा कोणी सांगत नाही. सुरतेत वीज तशी क्वचितच जाते, पण जाते ती नेमकी वादळात, पावसात, म्हणजे ज्या वेळी फोन लागतो त्याच वेळी. राउटरसाठीचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो, तो जोडणीसोबतच घ्यावा. घेण्यापूर्वी पेटीच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघून दुकानात जावं. बहुतेक पेट्या १२ व्होल्टच्या असतात, पण सगळ्या नव्हे.

आता चोकडीकडे वळू. १९९४ च्या प्लेगनंतर या शहराने स्वच्छता इतकी मनावर घेतली की २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या जोडीने देशात पहिला नंबर आला. रस्ते झाडले जातात, कचऱ्याची गाडी दारात येते. आणि त्याच शहरातल्या चोकडीत फुटका टब, गेल्या उत्तरायणाच्या फिरक्या, रंगाचे अर्धे डबे, बदललेल्या आरओचे फिल्टर, बंद पडलेला मिक्सर आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेल्या वायरींची पिशवी. स्वयंपाकघर कोणाचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, हॉल पाहुण्यांचा असतो. चोकडी कोणाचीच नसते, म्हणून सगळ्यांचं सगळं तिथे जातं. दिवाळीत ती धुतली जाते, पण रिकामी केली जात नाही. सामान या भिंतीवरून त्या भिंतीला लागतं, बस.

खरं तर घरातली सगळ्यात जोखमीची जागा तीच. पाणी तिथे, मशिनचा मोठा प्लग तिथे, अनेक घरांत पाइप गॅसचा मीटर आणि गॅसचा गिझरही तिथेच. गॅसच्या व्हॉल्व्हपर्यंत हात सरळ पोचला पाहिजे. त्याच्यापुढे रद्दीची थप्पी म्हणजे वेडेपणा. गिझर असेल तर खिडकी काचेने बंद करून ‘स्टोअर रूम’ करण्याची हौसही टाळावी, जळलेली हवा बाहेर जायला वाट हवी. आणि एका एक्स्टेंशन बोर्डावर मशिन, पेटी, मोबाइलचा चार्जर असा गोतावळा ओल्या फरशीवर ठेवणाऱ्यांना मी काय सांगणार!

तेव्हा पेटी हॉलमध्ये न्या. केबल चोकडीतून आत आली तरी हरकत नाही, तिथून कडेकडेने पट्टीतून पुढे न्यायला सांगा. थोडी केबल जास्त लागेल, तिचे पैसे द्या. मात्र कोपऱ्यावर तिला तारेसारखी मुडपू देऊ नका, काच आहे ती. घराच्या मध्यावर पेटी आली की वायफायही सुधारतं, कारण मशिनचा पत्रा आणि पाण्याची टाकी दोन्ही लहरी अडवतात. तळमजल्यावर राहत असाल तर ती उंचावरच लावा. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सोडल्यावर तापीने शहर बुडवलं होतं, आणि लिंबायतकडे मिठी खाडी आजही पावसाळ्यात घरात शिरते.

जुन्या घरात भिंतीतून प्रत्येक खोलीत पॅरलल फोनची तार गेलेली असते. ती उखडू नका. पेटीच्या फोनच्या खाचेतून तिला जोडलं की आजीच्या पलंगाजवळचा जुना फोनही वाजतो. पण आधी बाहेरून आलेली तांब्याची तार या घरच्या तारेपासून साफ तोडून घ्या, नाहीतर नवी पेटी बिघडायची. तबकडीचा फोन शोभेलाच ठेवा. त्यावरून नंबर फिरवलेला बऱ्याच नव्या पेट्यांना कळत नाही. मोबाइलला लावताना आधी शून्य, हे २०२१ च्या जानेवारीपासून आहे, तरी फोनच्या शेजारी कागदावर ठळक लिहून ठेवा.

निघालेल्या वायरी आणि जुने फोन भंगारवाल्याला देताना थोडा विचार करावा. आतल्या तांब्यासाठी प्लास्टिक जाळलं जातं, त्याचा धूर कोणाच्या तरी वस्तीत जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, टेलिफोन आणि कॉर्डलेस दोन्ही त्यात येतात. नोंदणी असलेल्या केंद्राकडेच ते द्यावेत. कॉर्डलेसची बॅटरी तर घरच्या कचऱ्यात मुळीच टाकू नये.

सगळं झालं की मुलाला लगेच सोडू नका. मेन स्विच खाली करा, मोबाइलवरून घरच्या नंबरला फोन लावा आणि पलंगाजवळचा फोन आजीलाच उचलू द्या. वाजला नाही, तर सही करू नका.