आकडा उतरला नाही

माझा एक जुना विद्यार्थी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत आहे. माझ्या अलंकारांच्या तासाला तो नेमाने खिडकीबाहेर पाहत असे. दिवाळीच्या सुटीआधी त्याने मला फाटकाशी नेऊन उभे केले आणि म्हणाला, "सर, आज तास माझा."

फाटकाच्या दोन्ही अंगांना उंच पेट्या होत्या. भंगाराचा ट्रक त्यांच्यामधून जातो. एखादी किरणोत्सारी वस्तू भट्टीत वितळली, तर ती सगळ्या मालात मुरते. 2008 साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 सापडला. पोलाद भारतातून गेलेले. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात गेलेल्या कोबाल्टने एकाचा जीवच घेतला.

ट्रक अजून आला नव्हता, तरी पडद्यावर आकडा हलतच होता. मी दोन पावले मागे सरलो.

"भिऊ नका सर. हे रोजचंच. थोडं जमिनीतलं, थोडं आभाळातलं."

आभाळातले म्हणजे काय, तर अवकाशातून येणारे कण वातावरणावर आदळतात आणि त्यांतून उपजलेले म्युऑन खाली पोचतात. तळहातावर सेकंदाला एखादा तरी. 1912 साली व्हिक्टर हेस बलूनमधून पाच हजार मीटर वर गेला, तो किरणे कमी होण्याऐवजी वाढलीच! जमिनीतले गॅमा किरण शिशाच्या भिंतीने अडतात, म्युऑन तिला जुमानत नाहीत. त्यांना चुकवायला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले आणि 1965 साली, दोन किलोमीटरांहून खोल, त्यांना वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची चाहूल लागली. सोन्याच्या खाणीत जाऊन हे शोधावे, याला काय म्हणावे!

शिरोलीत एवढी खोल खाण कुठली? इथे रोजचा आकडा ओळखीचा करून घ्यायचा, एवढेच हाती. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात असली द्रव्ये थोडकी. केरळच्या मोनाझाइटच्या वाळूवर हाच आकडा कितीतरी चढेल.

पहिला ट्रक आला आणि आकडा चक्क उतरला. मी चकित. "लोखंड जमिनीतले किरण झाकतं," तो म्हणाला. "आभाळातलं बरंचसं येतच राहतं." दुसऱ्या ट्रकलाही तसेच झाले.

तिसऱ्याला आकडा होता तिथेच राहिला. मी म्हटले, "ठीक आहे की! रोजचाच आहे." त्याने मात्र हात वर करून ट्रक थांबवला होता.

सुपरवायझर धावत आले. भट्टी तापलेली, माल सुटीआधी जायचा, आणि यंत्राची घंटासुद्धा वाजलेली नाही! "अहो, आकडा वाढलाय कुठं?"

"वाढला नाही साहेब. पण उतरायला पाहिजे होता."

ते चिडले, मालकांना फोन झाला. माझा विद्यार्थी मान खाली घालून उभा होता, पण ट्रकपुढून हलला नाही. शेवटी सगळ्यांना लांब करून, हातातल्या यंत्राने चाचपत तासभर शोध चालला. निघाली एक जुनी तबकडी, वाटीच्या तोंडाएवढी. अंधारात दिसावी म्हणून आकड्यांना रेडियमचा रंग दिलेली. लांब चिमट्याने ती उचलून वेगळ्या खोलीत बंद केली आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवले.

ड्रायव्हर इतका वेळ गप्प होता. आता तो हळूच पुढे आला. "सायेब, माझ्या अंगाला तर काय लागलं न्हाई न्हवं?"

माझ्या विद्यार्थ्याने यंत्र त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवले. रोजचाच आकडा. ड्रायव्हर चहाला गेला. मग, कोणाचे लक्ष नाही असे पाहून, मीही दोन्ही हात पुढे केले.