फादरांची पुस्तकं धर्माच्या कपाटात का?

आमच्या भागातल्या एका वाचनालयात मी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘ओॲसिसच्या शोधात’ मागितलं. ग्रंथपालांनी मला थेट धर्माच्या कपाटापाशी नेलं. अहो, प्रवासवर्णन आहे ते! शेजारी ‘तेजाची पाऊले’, तेही ललित लेखन. ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा मात्र मराठी साहित्याच्या कपाटात. जन्मभर मराठी शिकवलेल्या मला ते बघवलं नाही.

वसईजवळच्या नंदाखालचा हा माणूस 1972मध्ये धर्मगुरू झाला. 1983 ते 2007 अशी चोवीस वर्षं त्यांनी ‘सुवार्ता’ चालवलं. चर्चचं मासिक; प्रार्थनांच्या वेळा आणि सणांच्या सूचना छापूनही चाललं असतं. फादरांनी त्यात समाजाचे प्रश्न आणले, पर्यावरण आणलं, ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही आत घेतलं. वसईच्या वाड्या बिल्डरांच्या नजरेत भरल्या, विहिरींचं पाणी टँकरमधून जाऊ लागलं, तेव्हा ते ‘हरित वसई’च्या आंदोलनात उतरले. केळीच्या बागा वाचवणं हे त्यांना धर्माचंच काम वाटलं. त्या लढ्यात सगळ्या धर्मांची माणसं होती, आणि मला त्याचंच मोल अधिक वाटतं.

2020च्या जानेवारीत उस्मानाबादला ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून धमक्यांचे फोन आले. आम्ही चार मैत्रिणी पहाटेच्या एसटीने निघालो, त्या मुद्दाम. पाठीच्या असह्य दुखण्यातही फादर आले आणि बोलले. मराठीवर बोलले, माणसांवर बोलले.

‘सुबोध बायबल’ उघडून पाहा. मिशनरी मराठीत अडखळणाऱ्या वाचकाला फादर हाताला धरून पुढे नेतात, त्या काळचा समाज, रूढी, भूगोल समजावतात. सोपी आणि नेमकी मराठी लिहिणं किती अवघड असतं, ते निबंधांच्या वह्या तपासताना मी रोज पाहिलं आहे. फादर स्टीफन्सचं 1616चं ‘क्रिस्तपुराण’ आम्ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शिकवतो. मग दिब्रिटोंना वेगळा न्याय कशाला?

25 जुलै 2024ला फादर गेले. वाचनालयात मी लेखी अर्ज दिला आहे: ही पुस्तकं मराठी ललित गद्यात लावा. ग्रंथपाल म्हणाले, “मॅडम, नोंदी बदलाव्या लागतील.” मी म्हटलं, “येते सोमवारी. मिळून बदलू.”