जिब अडली तर विंच सोडा

ऑक्टोबर लागला की गेटवेसमोर आणि मांडव्याच्या वाटेवर पुन्हा पांढरी शिडं दिसू लागतात. पावसाळाभर काठावर उभ्या असलेल्या बोटी पाण्यात उतरतात, हौशी मंडळींची गर्दी होते. त्यांना बोटीवर घेणाऱ्या मालकांना आणि स्किपरना माझं कळकळीचं सांगणं आहे: पुढचं शीड, म्हणजे जिब, विंचच्या (दोरी ओढायच्या रहाटाच्या) जोरावर गुंडाळू नका.

मी नवशिक्यांना शिडाची बोट चालवायला शिकवते. हल्ली बहुतेक मोठ्या बोटींवर जिब फोरस्टेभोवती, म्हणजे नाळेपासून डोलकाठीकडे जाणाऱ्या तारेभोवती, गुंडाळलेली असते. तळाशी ड्रम, ड्रमवरची दोरी थेट कॉकपिटपर्यंत. दोरी ओढली की शीड गुंडाळतं. दोरी सोडून शीट, म्हणजे शिडाच्या मागच्या कोपऱ्याची दोरी, ओढली की उघडतं. हलत्या नाळेवर गुडघे टेकून ओलं शीड उतरवायची पाळी येत नाही. सोय मोठीच आहे.

पण ती दोरी हाताने ओढायची असते. वारा मागून घेऊन, जाइब होणार नाही (शीड एकदम दुसऱ्या बाजूला फेकलं जाणार नाही) अशा बेताने, जिब मेनसेलच्या, म्हणजे मोठ्या शिडाच्या, आडोशाला आणावी आणि शीट ढिली करावी. अगदी मोकळी नको, नाहीतर शीड फडफडतं आणि गुंडाळी सैल बसते. मध्यम बोटीवर एवढं केलं की एक माणूस पुरतो. तरीही दोरी अडली, तर कुठेतरी बिघडलं आहे. ड्रमवर वेढे एकमेकांखाली दबलेले असतात, शीट क्लीटमध्येच राहिलेली असते, किंवा वर हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायची दोरी, फोरस्टेभोवती पिळली गेलेली असते. हाताला हे लगेच कळतं. विंचला कळत नाही. हँडल फिरवत राहिलं की ती जोर कित्येक पटींनी वाढवते. हॅलयार्ड पिळलेली असेल तर फोरस्टेच्या तारेचे पदर सुटू लागतात, आणि फोरस्टे तुटली तर डोलकाठी मागे, कॉकपिटमधल्या माणसांवर कोसळू शकते.

वारा वाढल्यावर विंचशिवाय भागत नाही, असं काही स्किपर म्हणतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, हे खरंच. पण मग शीड आधीच लहान करा ना! दुपारचा खारा वारा मुंबईत कुणाला नवा आहे? अगदीच नाइलाज झाला तर एक जाणता माणूस फक्त वर बघत उभा हवा आणि तो ‘थांब’ म्हणाला की हँडल थांबलं पाहिजे.

या दोरीला विंचचा खरा उपयोग शीड उघडताना, लगाम म्हणून. सुटत्या दोरीचा एक वेढा विंचवर ठेवून ती हळूहळू सोडावी. एकदम सोडली तर शीड झटक्यात उघडतं, ड्रमवर वेढे सैल पडून पुढे तेच अडकतात, आणि दोरी मुठीत असेल तर तळहात सोलून निघतो.

बोट पाण्यात उतरवण्याआधी ती सगळी दोरी उलगडून पाहा, विशेषतः कप्प्यांपाशी जिथे ती घासते. उन्हाने कडक झाली असेल, धागे निघाले असतील, तर बदला. बोट मुरिंगवर एकटी असताना ही दोरी तुटली, तर अख्खी जिब उघडते. म्हणून बोट सोडून जाताना गुंडाळलेल्या शिडावर शीटचे दोन-तीन वेढे घ्या आणि ड्रम बांधून ठेवा.

पाहुण्यांनाही सकाळच्या मंद वाऱ्यातच एकदा ती दोरी ओढायला द्या. दुपारी ती जड लागली, तर तेच आधी सांगतील.