टकटक कसली? ऑइलला विचारा

आमच्या धाकट्या भावाची डिझेल गाडी म्हणजे घरातले दुसरे कमावते माणूस. तालुक्याहून सोलापूरला पेशंट नेणे-आणणे, लग्नसराईची भाडी, यावर त्याचा संसार चालतो. गाडी १ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली. मागच्या हिवाळ्यात सकाळी स्टार्ट केली की इंजिनातून टकटक आवाज येऊ लागला. इंजिन तापले की कमी व्हायचा, पण पुरता जायचा नाही.

मिस्त्रींनी कान लावून ऐकले. म्हणाले, "सर, बेअरिंग गेलंय असं वाटतं. इंजिन खोलावं लागेल. साठ-सत्तर हजार धरून चला."

गाडीचे अकरा हप्ते अजून बाकी होते. भावाच्या एका दोस्ताने उपाय सुचवला, "जाड ऑइल टाक, आवाज दबेल. महिन्याभरात विकून मोकळा हो." भाऊ डळमळला. अब्बांच्या कानावर गेले तेव्हा ते एवढेच बोलले, "घेणाऱ्याच्या घरीही बायको-पोरं असतील. विकायची तर आवाज ऐकवून वीक." पुढे कोणी तो विषय काढला नाही.

शाळेत ही गोष्ट निघाली तेव्हा सायन्सचे सर म्हणाले, "खोलण्याआधी ऑइल तपासून घ्या ना! डॉक्टर ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतातच की." आम्ही उर्दू-मराठी शिकवणारी माणसे, आम्हाला हे नवीनच होते. पण ही तपासणी जुनी आहे. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड या रेल्वेने १९४६ साली डिझेल इंजिनांचे वापरलेले ऑइल तपासून आतले बिघाड ओळखायला सुरुवात केली होती.

यामागची गोष्ट साधी आहे. मिठाचे पाणी गॅसवर उतू गेले की ज्योत पिवळी होते, हे प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. तो मिठातल्या सोडियमचा रंग. तसाच प्रत्येक मूलद्रव्याचा आपापला प्रकाश असतो. प्रयोगशाळेत ऑइलचा फवारा हजारो अंश तापमानाच्या झोतात सोडतात आणि निघालेल्या प्रकाशावरून कोणता धातू किती, ते मोजतात. हे माप पीपीएममध्ये येते. १ पीपीएम म्हणजे एक टन ऑइलमध्ये एक ग्रॅम.

आता कोणता धातू कुठून येतो ते पाहू. लोखंड मुख्यतः सिलिंडर, क्रँक, कॅम यांच्या झिजेतून येते. अ‍ॅल्युमिनियम पिस्टनमधून. तांबे, शिसे आणि कथील वाढले तर बेअरिंगकडे बोट जाते. सोडियम-पोटॅशियम वाढले तर कूलंट आत झिरपत असल्याचा संशय घ्यावा. आणि सिलिकॉन? ती बहुतेक वेळा रस्त्याची धूळ असते. धुळीत अ‍ॅल्युमिनियमही असते, म्हणून दोन्ही एकदम वाढले तर हवेची वाट आधी तपासतात. अलीकडे इंजिनाला नवे सीलंट लावले असेल तर त्यातूनही सिलिकॉन उतरते, म्हणून अशी दुरुस्ती झाली असल्यास प्रयोगशाळेला आधीच सांगावे.

नमुना घेण्याचीही रीत आहे. गाडी फिरवून गरम करायची, ऑइल सोडताना पहिली धार जाऊ द्यायची आणि मधल्या धारेतले साधारण १०० मिली कोरड्या, स्वच्छ बाटलीत धरायचे. गाडी किती चालली, हे ऑइल किती किलोमीटर वापरले आणि त्याचा ग्रेड कोणता, हे बाटलीवर लिहायचे.

आठवड्याने रिपोर्ट आला. तांबे, शिसे, कथील तिन्ही कमी. लोखंड १२० आणि सिलिकॉन ४६, म्हणजे दोन्ही वाढलेले, अ‍ॅल्युमिनियमही चढलेले. मिस्त्रींनी कागद दोनदा पाहिला. रागावले नाहीत. एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप काढला, तर क्लिपच्या खाली बोटभर चीर! सोलापूरच्या रस्त्याचे काम चालू होते, ती सगळी माती फिल्टर टाळून सरळ इंजिनात जात होती आणि आत पॉलिश पेपरसारखी घासत होती.

मग टकटक कसली? ते काही ऑइलने सांगितले नाही. बेअरिंगचा संशय मात्र त्याने कमी केला. मिस्त्रींनी वरचे कव्हर उघडून टॅपेटची गॅप मोजली, ती दोन ठिकाणी जास्त निघाली. टॅपेट सेटिंग केले आणि आवाज थांबला. पाइप, फिल्टर, ऑइल, मजुरी आणि तपासणी, सगळे मिळून खर्च साडेसात हजारांच्या आत.

पाच हजार किलोमीटरनंतर पुन्हा ऑइल पाठवले. सिलिकॉन १४ वर आले होते, लोखंड ५० च्या घरात. झिजलेले इंजिन भरून येणार नाही; पण झीज मंदावली, हे कळले.

वाचकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डिझेल गाडीचे ऑइल काजळीने लवकर काळे होते, तेव्हा रंगावरून निदान करू नये. एका रिपोर्टपेक्षा दोन-तीन रिपोर्टांची तुलना खरी. ५ ते १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण या तपासणीत नीट सापडत नाहीत, म्हणून जुना ऑइल फिल्टर कापून आत चमकणारा धातूचा चुरा आहे का, ते पाहावे. आणि ऑइलचा लाल दिवा लागला किंवा खालून जड ठोके ऐकू आले, तर रिपोर्टची वाट न पाहता गाडी तिथेच बंद करावी.

भावाने दोन्ही रिपोर्ट गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवले आहेत. पुढे कधी गाडी विकली तर ते घेणाऱ्याच्या हातात द्यायचे, असे अब्बांशी त्याचे ठरले आहे.