डब्याची मजुरी, न दिलेली

अमेरिकेचा कामगार सांख्यिकी विभाग डबे, टाक्या, बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यांचा मजुरीखर्च १९८७ पासून वर्षवार मांडत आला आहे. रोख पगार, आरोग्यविम्यातला मालकाचा वाटा, पेन्शनची वर्गणी असे सगळे त्यात धरलेले असते. पण आकडा एकूण रकमेचा. पाचशेंपैकी चारशे माणसे काढली आणि उरलेल्या शंभरांचा पगार दुप्पट केला, तरी तो खालीच येणार. म्हणून या आकड्यावरून ‘मजुरी परवडत नाही’ म्हणणाऱ्यालाही आणि ‘कामगाराचे बरे चालले आहे’ म्हणणाऱ्यालाही सारखेच बळ मिळते.

डब्यांच्या धंद्यात खरी झुंज हातात पडणाऱ्या पगारावर नव्हतीच. १९६२ साली पोलाद कामगारांच्या युनियनने अमेरिकन कॅन आणि कॉन्टिनेंटल कॅन या दोन बड्या कंपन्यांकडून एक अजब सवलत मिळवली: पंधरा वर्षे नोकरी झालेल्याला दर पाच वर्षांनी तेरा आठवडे भरपगारी रजा. चैन म्हणून नव्हे. यंत्रे माणसे कमी करत होती. जुना कामगार रजेवर गेला की त्याच्या जागी कोणाची तरी चूल पेटेल, हा हिशेब. पुढे दोन तुकड्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा कॅन आला. पत्र्याची चकती दाबून, ओढून अंग आणि बूड एकसंध निघू लागले. उभा सांधा गेला, डाग देण्याचे काम गेले, ते करणारे हातही गेले.

कारखाने बंद पडणार हे दिसत असल्याने युनियनने बंदीनंतरही मिळेल अशी पेन्शन मान्य करून घेतली. कॉन्टिनेंटल कॅनने करारावर सही केली आणि मग कोणाची किती वर्षे भरली, कोण हक्काच्या उंबरठ्यावर आहे, हे तपासून कामाची वाटणी अशी फिरवली की ती माणसे आधीच घरी बसावीत. योजनेला नावही होते, ‘बेल’. पेन्शन चुकवण्यासाठी कामगार काढायला १९७४ च्या कायद्याने मनाई होती. १९८७ मध्ये फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयात कंपनी हरली, आणि १९९० च्या अखेरीस ४१.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. रक्कम जबर खरी. पण मधल्या वर्षांत मजुरीखर्च ‘आटोक्यात’ होता, तो असा.

हे वाचून आपल्याकडच्या एमआयडीसीतल्या कोणालाही नवल वाटू नये. वर्षात २४० दिवस भरले की कायमपणाचा दावा उभा राहतो, म्हणून त्याआधीच ‘ब्रेक’ द्यायचा आणि पंधरवड्याने दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर तोच माणूस त्याच प्रेसवर उभा करायचा, ही रीत गेटवरच्या वॉचमनलाही पाठ असते. कंत्राटदाराचे बिल पुष्कळदा पगाराच्या खात्यात येतही नाही, ते ‘इतर खर्चात’ जिरते. मग वार्षिक सभेत मजुरीखर्चाची टक्केवारी उतरल्याबद्दल टाळ्या.

मजुरी महाग झाली म्हणून रडणाऱ्या कारखानदाराने आधी एक साधी यादी गेटवर लावावी: गेल्या वर्षी दोनशेव्या आणि दोनशे चाळिसाव्या दिवसांच्या दरम्यान किती जणांना ब्रेक दिला, आणि त्यातले किती जण आज पुन्हा आत आहेत.