कार्यालयासाठी साधे ड्रिप कॉफीयंत्र घेण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. प्रशासन व्यवस्थापक,
पुणे कार्यालय.

विषय : भाड्याच्या प्रीमिक्स यंत्राचा करार न वाढवता परवडणारे ड्रिप कॉफीयंत्र खरेदी करण्याबाबत.

महोदय,

पँट्रीतील प्रीमिक्स यंत्राच्या कराराची मुदत संपत आली आहे. तो करार न वाढवता कार्यालयाने स्वतःचे ड्रिप कॉफीयंत्र घ्यावे, अशी आम्हा खाली सह्या करणाऱ्या कर्मचाऱ्यांची मागणी आहे. यंत्र महागाचे नको, स्वस्तातलेच घ्यावे. मात्र निवड करताना खोक्यावरील सुविधांच्या यादीला भुलू नये. वॅट, भांडे आणि रोजचा खर्च या तीन गोष्टी तपासल्या तर कमी किमतीतही उत्तम कॉफी मिळते. सध्याच्या मिश्रणात साखर आणि दूध पावडर आधीच मिसळलेली असते, त्यामुळे मधुमेह असलेल्या सहकाऱ्यांना त्यातले काहीच घेता येत नाही. शिवाय किमान खरेदीच्या अटीमुळे सुट्ट्यांच्या महिन्यातही ठरलेली पाकिटे घ्यावीच लागतात.

ड्रिप यंत्राची रचना अगदी साधी असते. टाकीतले पाणी तळाच्या तापलेल्या नळीत उतरते, उकळी फुटली की बुडबुड्यांच्या जोराने वर चढते आणि फिल्टरमधल्या पावडरीवर ठिबकत राहते. त्यात पंप नसतो, दाब नसतो. म्हणून किंमत कमी आणि बिघडण्यासारखे भागही मोजकेच. चव ठरते ती पाण्याच्या तापमानावर. पाणी साधारण 90 ते 96 अंश सेल्सिअस तापलेले असावे आणि 4 ते 8 मिनिटांत पावडरीतून उतरावे. पाणी कोमट असेल तर कॉफी आंबट आणि पाणचट होते. फार रेंगाळले तर कडू होते. इथेच वॅटचा प्रश्न येतो. एक लिटर पाणी 25 अंशांवरून 93 अंशांवर न्यायला सुमारे 285 किलोज्यूल उष्णता लागते. थोडीही उष्णता वाया गेली नाही असे धरले, तरी 600 वॅटच्या यंत्राला त्यासाठी जवळपास 8 मिनिटे हवीत. 1000 वॅटचे यंत्र तेच काम पाच मिनिटांच्या आत करते. म्हणून घड्याळ, पडदा, मोबाइल जोडणी यांवर पैसे घालण्यापेक्षा 900 ते 1000 वॅटचे साधे यंत्र घेणे शहाणपणाचे ठरेल.

भांड्याबाबतही चोखंदळ राहावे लागेल. खोक्यावर 10 कप लिहिलेले असले तरी तो कप बहुधा 125 मिलिलिटरच्या आसपासचा असतो. म्हणजे एकूण सव्वा लिटर कॉफी. आपल्या 200 मिलिलिटरच्या मगाने ती सहा जणांनाच पुरेल. काचेचे भांडे गरम पट्टीवर ठेवलेले राहिले की कॉफी शिजत राहते आणि अर्ध्या-पाऊण तासात करपट लागते. दुहेरी भिंतीचे स्टीलचे थर्मास भांडे असेल तर पट्टीची गरजच उरत नाही आणि वीजही वाचते.

आता खर्चाचे बोलू. एक लिटर पाण्याला 55 ते 60 ग्रॅम पावडर, म्हणजे एका मगाला सुमारे 12 ग्रॅम लागते. पावडरीचा भाव किलोला 800 रुपये धरला तर मगामागे साडेनऊ-दहा रुपये पडतात. कॅप्सूलच्या यंत्राला प्रत्येक कपासाठी वेगळी कॅप्सूल विकत घ्यावी लागते आणि खरेदी एकाच बनावटीला बांधली जाते. ड्रिप यंत्राला कोणत्याही दुकानातली पावडर चालते. ती घेताना पाकिटावरील चिकोरीचे प्रमाण अवश्य वाचावे. मिश्रणात ते 49 टक्क्यांपर्यंत असू शकते.

यावर काही आक्षेप येतील, याची आम्हाला जाणीव आहे. आपल्याकडे दुधाची कॉफी चालते, ड्रिपची पातळ लागेल, हा पहिला. त्यावर उपाय म्हणजे लिटरला 80 ग्रॅमपर्यंत पावडर घालून दाट अर्क काढावा आणि गरम दूध वेगळे ठेवावे. कष्ट तेवढेच, खर्च थोडा अधिक. स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर याहून स्वस्त आहे, हेही मान्य. पण त्यात पाणी वेगळे तापवावे लागते आणि अर्क थेंबथेंब उतरायला बराच वेळ जातो. एवढ्या माणसांसाठी ते काम कुणाच्या तरी गळ्यात पडेल. विजेचा मुद्दा किरकोळ आहे. 1000 वॅटचे यंत्र दहा मिनिटे चालले तर एक षष्ठांश युनिट जळते. 6 अँपिअरच्या प्लगवर ते चालू शकते, फक्त त्याच बोर्डावर त्या वेळी विजेची किटली लावू नये. राहिला सफाईचा प्रश्न. त्याचा भार मदतनीस मावशींवर टाकणे आम्हाला मान्य नाही. चोथा काढणे आणि भांडे धुणे हे काम आम्ही कर्मचारी पाळीने करू.

तरी आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

1. प्रीमिक्स यंत्राचा करार वाढवू नये. चहाची सोय आहे तशीच ठेवावी.
2. 900 ते 1000 वॅटचे, आपोआप बंद होणारे, स्टीलच्या थर्मास भांड्याचे यंत्र घ्यावे.
3. खरेदीपूर्वी प्रात्यक्षिक घ्यावे. एक लिटर पाणी 8 मिनिटांत उतरले नाही, तर ते यंत्र नाकारावे.
4. हमी आणि शहरातील दुरुस्तीची सोय लेखी घ्यावी.
5. नळीत क्षार साचू नयेत म्हणून गाळलेले पाणी आणि महिन्याला सायट्रिक ॲसिड पुरवावे.

मागणी लहान आहे, पण ती रोजच्या कामाच्या दिवसाशी जोडलेली आहे. करार संपण्यापूर्वी यावर निर्णय घेऊन आम्हाला लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
सर्व कर्मचाऱ्यांच्या वतीने,
कर्मचारी प्रतिनिधी